झोतभट्टीला नावं ठेवण्याआधी

पिस्कॅटवेच्या पॉटलकमध्ये हे तुम्ही ऐकलं असेल, कदाचित म्हटलंही असेल: "भारतातले पोलाद कारखाने टनामागे केवढी ऊर्जा जाळतात! अमेरिकेकडून शिका म्हणावं."

काय शिका, तेही सांगा ना. इथलं सुमारे 70 टक्के पोलाद विजेच्या भट्टीत, मुख्यतः भंगार वितळवून होतं. इथून जवळच, सेअरव्हिलला सळया अशाच बनतात. खनिजातला ऑक्सिजन काढणं हे खरं खर्चिक काम. भंगाराच्या बाबतीत ते कुणीतरी, कधीतरी कोक जाळून आधीच उरकलेलं असतं. शंभर वर्षं गाड्या आणि पूल बांधलेल्या देशाकडे भंगार असणारच. रायगडातल्या डोलवीच्या झोतभट्ट्यांना खनिजापासून सुरुवात करावी लागते.

त्यात आपल्या खनिजात ॲल्युमिना जास्त. त्याने मळी घट्ट होते, ती वाहती ठेवायला उष्णता जास्त लागते. देशी कोळशात राख भरपूर. तिच्यासाठी चुनखडी घाला, आणि ती तापवायला पुन्हा कोक जाळा! म्हणून तर कोकचा कोळसा थेट ऑस्ट्रेलियाहून बोटीने आणतात.

तुलना करायचीच तर इंडियानातल्या गॅरीच्या झोतभट्ट्यांशी करा. मग कारखानदारांना खुशाल धारेवर धरा: खनिज धुऊन का घेत नाही? झोताची हवा आणखी का तापवत नाही? तापवलेला झोत आपल्याच न्यू जर्सीत, ऑक्सफर्डच्या भट्टीत, 1834 मध्ये वापरला गेला होता.