पेठ येथे चांदमारी हवी

उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी 2020 च्या प्रजासत्ताकदिनी आपल्या जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफलींस संचलनात अखेरचा निरोप दिला. इतर राज्यांतही ह्या रायफली एकामागून एक निवृत्त होत आल्या आहेत. ज्या हत्यारावर आपल्या शिपायांच्या कित्येक पिढ्या नेम धरावयास शिकल्या, ते हत्यार आता जावयाचे. ह्याबद्दल आम्हांस खेद नाही; जुने झाले म्हणजे जावयाचेच. परंतु हत्याराबरोबर विद्याही जाणार काय, आणि जी विद्या राहील ती पेठेसारख्या डोंगरी तालुक्यातील मुलांच्या वाट्यास कधी येणार, हा आमचा प्रश्न आहे.

पेठेचे नाव आम्ही उगाच घेत नाही. 1857 च्या डिसेंबरात हरसूलच्या बाजारावर भिल्ल, कोळी व ठाकूर लोक चालून गेले, आणि त्या उठावाबद्दल पेठ संस्थानावर हक्क सांगणाऱ्या भगवंतरावांस इंग्रजांनी फाशी दिले. पुढे 1878 मध्ये हे संस्थान खालसा झाले, आणि त्याच वर्षी लॉर्ड लिटनच्या सरकारने हत्यारांचा कायदा करून देशी माणसाच्या हातचे शस्त्र परवान्याच्या दाव्यास बांधले. गोऱ्यांस त्यातून सूट होती. लष्करी काडतूस रयतेच्या हाती लागू नये म्हणून शिकारीच्या रायफलीची नळीही निराळ्या मापाची ठरली; .315 बोअर आपल्याकडे रुळला तो ह्याच कारणाने. लोकांचा हात रिकामा झाला, त्याचबरोबर त्यांची नजरही बिनतालमीची राहिली.

1931 च्या कराची काँग्रेसने नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीत घातला होता. 1948 मध्ये हरि विष्णु कामत ह्यांनी तोच हक्क घटनेत घालण्याची सूचना मांडली. असा हक्क दिला तर चोर व गुन्हेगारही तो सांगू लागतील, असा आक्षेप डॉ. आंबेडकरांनी घेतला, व सूचना नामंजूर झाली. आमच्या मते ते योग्यच झाले. घरोघरी हत्यार असावे असे आम्ही म्हणत नाही. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणारे वीर आम्हांस ठाऊक आहेत. 2019 च्या दुरुस्तीने असल्या बेफाम गोळीबारास दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली, हे चांगलेच झाले. हत्यार बाळगणे आणि नेम शिकणे ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत, आणि पहिलीच्या भयाने दुसरीस मुकणे शहाणपणाचे नाही.

हा भेद आमच्या पदरचा नाही. तो कायद्यातच आहे. 1959 च्या शस्त्र अधिनियमान्वये थ्री-नॉट-थ्री ही निषिद्ध बोअरची रायफल ठरते, व सामान्य नागरिकास ती मिळत नाही. पण त्याच अधिनियमाच्या तेराव्या कलमात, केंद्र सरकारने मान्य केलेल्या रायफल क्लबाच्या सभासदास निशाणबाजीसाठी .22 बोअरची रायफल देण्याची वाट मोकळी ठेवली आहे. थोड्या ताकदीच्या 4.5 मिलिमीटर एअर रायफलीस तर परवानाही लागत नाही. कायद्याने दार उघडे ठेवले आहे. उंबरठा ओलांडणारा हवा. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिक येथे जगज्जेत्या झाल्या, आणि कांबळवाडीसारख्या खेड्यातील स्वप्नील कुसाळे ह्यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकात ब्राँझपदक मिळविले, ते ह्याच .22 बोअरच्या रायफलीवर.

मग जुन्या थ्री-नॉट-थ्रीचे काय करावे? आमचे उत्तर असे की, तिची नळी कायमची निकामी करावी व तिला शिक्षिका नेमावे. ही रायफल सुमारे चार किलो वजनाची. ती खांद्यास लावून श्वास आवरणे, माशी व मागची खाच एका रेषेत आणणे, चापाची पहिली हलकी ओढ घेऊन दुसरी न हिसकता दाबणे, हे सारे एकही काडतूस न जाळता शिकविता येते. माशी व खाच ह्यांतील अंतर अर्ध्या मीटरच्या आसपास. माशी एक मिलिमीटर ढळली तर शंभर मीटरांवर गोळी वीतभर चुकते. घाई करणाऱ्याची फजिती लपत नाही, व निशाणाचा कागद कोणाची जात वा जमीन पाहत नाही. उतावळ्या वयास ह्याहून चांगला गुरू आम्हांस दिसत नाही.

सराव कमी पडला म्हणजे काय होते, तेही आपण पाहिले आहे. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पोलिसांच्या हाती ह्याच रायफली होत्या. त्या जुन्या होत्या ह्याची चर्चा पुष्कळ झाली. पुढे प्रधान समितीने सरावाच्या काडतुसांच्या टंचाईवरही बोट ठेवले, तिकडे मात्र थोड्यांचेच लक्ष गेले. नवी रायफल पैशाने मिळते. नेम सरावानेच मिळतो.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. पेठेच्या तालुक्याच्या ठिकाणी राष्ट्रीय छात्र सेनेच्या देखरेखीखाली एक लहान चांदमारी असावी: एअर रायफलीस दहा मीटरांची, .22 रायफलीस पंचवीस मीटरांची. .22 ची गोळीही मैलभर जाऊ शकते. तेव्हा मागे मातीचा उंच बांध, सरावाच्या वेळी लाल निशाण आणि गुराख्यांस आगाऊ दवंडी ही शिस्त प्रथम हवी. हत्यारे व काडतुसे कुलपात व हिशेबात राहावीत. थ्री-नॉट-थ्रीचा जिवंत सराव पोलिसांच्या मोठ्या मैदानावरच होऊ द्यावा.

खर्च फार नाही. द्राक्षांच्या हंगामात पेठेच्या मजुरांचे हात निफाड-दिंडोरीच्या मळ्यांत राबतात, आणि त्या मालावर नाशिकच्या पेढ्या चालतात. त्या व्यापाऱ्यांनी मनावर घेतले तर एअर रायफलींची एक जोडी व निशाणांचे कागद उभे करणे कठीण नाही. वकीलवर्गाने क्लबाच्या मान्यतेचे कागद विनामूल्य करून द्यावेत. आम्ही स्वतः त्यास तयार आहोत. ज्यांच्या पूर्वजांच्या हातून शस्त्र काढून घेतले गेले, त्यांच्या नातवंडांस निदान नेम धरावयास शिकविणे हे स्वतंत्र सरकारचे व सुखवस्तू शेजाऱ्यांचे कर्तव्य आहे.