पोरांच्या ताटात आपली नागली

आम्ही अकोले, इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, जव्हार, मोखाडा या डोंगरपट्ट्यातले शेतकरी, अंगणवाडीच्या सेविका-मदतनीस आणि लेकुरवाळ्या बाया. आमचं मागणं एकच आहे. तीन ते सहा वर्षांच्या आमच्या पोरांना अंगणवाडीत जे शिजवून मिळतं, त्याचा दाणा आमच्याच वरकस जमिनीतून यावा. कुणाला ही मागणी पोषणाची वाटेल, कुणाला शेतीची. आमच्या घरात ही दोन खाती वेगळी नाहीत. जे पिकतं तेच पोर खातं, आणि पोर जे खात नाही ते हळूहळू पिकेनासं होतं.

पावसाचं आधी बोलू. राब भाजायचा, मृगात बी फेकायचं, आर्द्रा-पुनर्वसूत आवणी उरकायची, हा आमचा धारा. आता ऐन आवणीत पाऊस ओढ देतो. रोप राबातच जून होतं, लावलं तरी फुटवा धरत नाही. आणि कापणीला आलं की परतीचा पाऊस गाठतो. कापून पसरलेल्या भाताला शेतातच कोंब येतात. भाताच्या मानाने नागली, म्हणजे नाचणी, सोशिक. उताराची हलकी माती तिला चालते, पाणी कमी लागतं, दाणा कणगीत वर्षानुवर्षं टिकतो. अमरपट्टा मात्र तिनेही आणलेला नाही, दमट हवेत करपा तिच्यावरही पडतो. म्हणून एका वाणावर भिस्त नको. हळवी, निमगरवी, गरवी तिन्ही थोडी थोडी लावायची. एक हुकली तर दुसरी हाताला लागते. असं जुनं बियाणं जपण्यासाठी कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. आता ते बियाणं रानात उतरायला हवं.

तरीही नागली-वरईचं रान घटतंय, आणि सगळा दोष पावसाच्या माथी मारणं सोयीचं आहे. वरई उखळात सडताना हात भरून येतात, जवळ यंत्र नाही, म्हणून ती सुटली. रेशनचा तांदूळ आला, तो पांढरा, शिजायला सोपा. त्याला आम्ही नावं ठेवत नाही, त्याने उपासमार टाळली. पण त्याच्याबरोबर ‘काळी भाकर’ गरिबाची ठरली आणि ती लाज मोठ्यांकडून पोरांकडे गेली. अंगणवाडीत अकरा वाजता बघा. पोर हातात पाच रुपयांची तिखट-खारी पुडी घेऊन येतं, कारण कामावर निघालेल्या आईला रडणं थांबवायला तेवढंच जमतं. समोर खिचडी येते तेव्हा पोट अर्धं भरलेलं असतं. ते डाळ बोटाने बाजूला सारतं आणि भाताची चार शितं खाऊन उठतं. नागलीचा लाडू पहिल्या दिवशी चाटून खाली ठेवतं. म्हणून ‘पोरं खात नाहीत’ असा शेरा मारू नका. नवी चव आठ-दहा वेळा समोर यावी लागते, जबरदस्ती न करता, आणि शेजारचं थोरलं पोर ती खाताना दिसावं लागतं.

शंभर ग्रॅम नागलीत तीनशे मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. सडीक तांदळात दहाच्या आसपास. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली. नुसत्या नागलीने हे भरून निघेल असं आम्ही म्हणत नाही. सोबत डाळ, शेंगदाण्याचं कूट, परसातला शेवगा आणि अंडं हवंच. पण २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं झालं, शहरात नाचणीची बिस्किटं महागड्या डब्यांत गेली, आणि पिकवणाऱ्याचं पोर पुडी चघळत राहिलं, याचा राग आम्हाला आहे.

कायदा आमच्या बाजूचा आहे. अंगणवाडी योजना १९७५ पासून चालू आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला पोषक आहार देणं सरकारवर बंधनकारक आहे. पुरवठा ठेकेदारांकडून घेऊ नका, गावाला, बचत गटांना, महिला मंडळांना द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच सांगितलं. ओडिशाने तर केओंझर जिल्ह्यात अंगणवाडीच्या पोरांना नागलीचा लाडू सुरूही केला, आणि तिथलं सरकार शेतकऱ्याकडून नागली विकतही घेतं.

आमच्याकडे २०२५-२६ साठी नागलीचा हमीभाव क्विंटलला ४,८८६ रुपये जाहीर झाला. पण जवळ काटाच लागला नाही तर भाव कागदावरच राहतो. अंगणवाडी हे आमचं सगळ्यात जवळचं गिऱ्हाईक होऊ शकतं. बचत गटाने मोड आणून, वाळवून, भाजून दळलेलं पीठ तिथे जावं, पैसे महिन्याच्या आत हातात पडावेत, दर काही पाड्यांमागे वरई सडायचं एक यंत्र बसावं. दिवाळीनंतर वीटभट्टीवर नाहीतर द्राक्षाच्या कामाला गेलेल्या आई-बापांबरोबर जी पोरं जातात, त्यांचं ताट भट्टीजवळच्या अंगणवाडीत लागलंच पाहिजे. नाव कोणत्या गावच्या पटावर आहे हे विचारत बसू नये.

आमच्याही वाट्याचं काम आहे. अंगणवाडीच्या दारात पुडी विकायची नाही, हे दुकानदाराला आम्हीच सांगू. तो आमचाच भाऊबंद आहे, ऐकेल. पाहुणा आला की भाकर लपवून भात वाढायचा, हेही बंद.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत या मागणीचा ठराव प्रत्येक गावाने मांडायचा आहे. येताना ज्याच्या घरात जुन्या वाणाचं बी असेल त्याने शेरभर आणावं, वाणाचं नाव चिठ्ठीवर लिहून.