पोस्टरमधला पायलट

युरी गागारिन म्हटलं की काय आठवतं? पांढरं हेल्मेट आणि ते फेमस हसू. १२ एप्रिल १९६१, पृथ्वीभोवती एक चक्कर, १०८ मिनिटं. शाळेत जनरल नॉलेजला आपण सगळ्यांनी घोकलंय. एक मार्क मिळाला, विषय संपला!

पण हा माणूस कसा गेला, हे विचारा. दहातले आठ जण गप्प बसतील. उरलेले दोघं म्हणतील, ‘रॉकेटमध्ये ना?’ नाही. २७ मार्च १९६८ ला एका साध्या ट्रेनिंग फ्लाइटमध्ये, हवाई दलाच्या जुन्या मिग-१५ मध्ये. वय ३४ वर्षं आणि १८ दिवस. ज्या वयात आपण होम लोनचे हप्ते मोजत असतो.

गडी मूळचा शेतातला. मॉस्कोच्या पश्चिमेला स्मोलेन्स्क भागातलं क्लुशिनो हे त्याचं गाव. वडील सामूहिक शेतीवर सुतार, आई तिथल्याच गोठ्यात. जमीन, गुरं, अवजारं सगळं सामायिक. आपले सहकारी साखर कारखाने आठवले असतील तर जरा थांबा. इथं सभासद व्हायचं की नाही, हे सरकार ठरवायचं!

१९४१ मध्ये जर्मन आले आणि त्यांनी घरच ताब्यात घेतलं. गागारिन कुटुंब घरामागे जमिनीत खणलेल्या खोपटात जवळपास पावणेदोन वर्षं राहिलं. थोरला भाऊ आणि बहीण यांना वेठबिगारीसाठी पळवून नेलं. धाकट्याला एका जर्मन सैनिकानं त्याच्याच मफलरनं सफरचंदाच्या झाडाला टांगलं होतं, तो कसाबसा वाचला. याच काळात गावाजवळ एक सोव्हिएत लढाऊ विमान कोसळत उतरलं. सात-आठ वर्षांचा युरी ते बघायला पळाला. विमानाचं वेड तिथलंच, असं तो पुढे सांगायचा.

मग फाउंड्रीत मोल्डरचं काम, साराटोवला टेक्निकल शिक्षण, तिथल्याच फ्लाइंग क्लबमध्ये पहिलं उड्डाण आणि शेवटी नॉर्वेच्या सीमेजवळ फायटर पायलट. अंतराळातून परतताना तो पॅराशूटनं उतरला तोही साराटोवजवळच्या एका शेतात! समोर बटाट्याचं काम करणारी एक बाई आणि तिची नात. नारिंगी सूटमधलं हे प्रकरण बघून दोघी घाबरून मागे सरकल्या. कोल्खोजचं पोर पुन्हा कोल्खोजच्याच मातीत.

त्यानंतर मात्र त्याचं जे झालं, ते कुठल्याही कॉर्पोरेट ऑफिसात बघायला मिळेल. ज्या कामात तुम्ही बेस्ट आहात, तेच काम तुमच्याकडून काढून घ्यायचं आणि वर सत्कार करायचा. हार, भाषणं, देशोदेशीचे दौरे. १९६१ च्या अखेरीस तो भारतातही आला, आपल्या मुंबईतही. सरकारला हा चेहरा इतका मोलाचा वाटला की त्याला काही होणं परवडणारंच नव्हतं. कॉस्मोनॉट ट्रेनिंग सेंटरचा डेप्युटी डायरेक्टर केलं. उड्डाणं जवळजवळ बंद. आता पायलटनं उडायचंच नाही म्हटल्यावर त्यानं करायचं काय? फोटो काढून घ्यायचे?

तो सारखा मागे लागून होता. १९६७ मध्ये सोयूझ-१ साठी व्लादिमीर कोमारोव यांचा बॅकअप म्हणून त्याला कसंबसं घेतलं. यान परतताना पॅराशूट नीट उघडलं नाही, कोमारोव गेले. झालं! गागारिनसाठी अंतराळाचं दार कायमचं बंद.

मग निदान विमान तरी. फेब्रुवारी १९६८ मध्ये त्यानं इंजिनीअरिंगचा डिप्लोमा पूर्ण केला आणि पुन्हा सराव सुरू केला. २७ मार्चची फ्लाइट म्हणजे एकट्यानं उडायची परवानगी मिळण्याआधीची चाचणी. सोबत व्लादिमीर सेर्योगिन, महायुद्धात लढलेला मुरलेला वैमानिक. आभाळ ढगाळ. साडेदहाच्या सुमारास गागारिननं ‘काम झालं, परत येतोय’ असं कळवलं आणि त्यानंतर रेडिओ गप्प. किर्झाचजवळच्या जंगलात विमान कोसळलं, दोघंही गेले. कारणांवर अजून वाद चालूच आहे. २०११ मध्ये खुल्या झालेल्या सरकारी अहवालात हवामानाचा फुगा चुकवायला घेतलेलं झटक्याचं वळण आहे. अलेक्सेई लेओनोव यांनी २०१३ मध्ये दुसऱ्याच एका जेट विमानाला दोष दिला, ते म्हणे फार जवळून गेलं.

अंतराळात जायच्या दोन दिवस आधी, १० एप्रिल १९६१ ला, त्यानं बायकोला एक पत्र लिहून ठेवलं होतं. आपण परत आलो नाही तर द्यायचं म्हणून. तो परत आला, त्यामुळे पत्र तसंच राहिलं. व्हॅलेंटिनाच्या हातात ते पडलं १९६८ मध्ये. त्यात त्यानं लिहिलं होतं, की मुलींना लाडावून ठेवू नकोस, माझ्या आईवडिलांना विसरू नकोस, आणि पुन्हा लग्न करायचं की नाही हे तुझं तू ठरव, माझं काही बंधन नाही.

तिनं केलं नाही. मुलाखतींपासूनही ती लांबच राहिली. मार्च २०२० मध्ये वारली, तोवर घर तेच होतं, स्टार सिटीतलं.