पाणी मुरते कुठे?

‘कुठेतरी पाणी मुरते आहे’ हा वाक्प्रचार मी गेली वीस वर्षे वर्गात शिकवीत आलो आहे. पण ते नेमके कुठे मुरते हे शोधायचे कसे, ते मला माझ्या भाच्याने गेल्या मे महिन्यात स्कॉटलंडमधल्या ॲबरडीन गावी शिकवले.

हा भाचा तिथे इंजिनियर आहे. सुट्टीच्या दिवशी समुद्राच्या तळाशी जाणे हा त्याचा छंद. निघताना अक्काने मला बजावले होते, “तू मामा आहेस. कान धर त्याचा आणि हे खूळ बंद कर!”

पोहोचलो तो न्हाणीघराच्या दाराला मुंडके नसलेला एक माणूस लटकलेला! तो म्हणे ड्राय सूट. गळ्याला आणि मनगटांना घट्ट रबरी पट्ट्या, पाणी न शिरणारी चेन, आत उबदार कपडे आणि थोडी हवा. तिथला समुद्र मे महिन्यातही आठ-नऊ अंशांचा. आणि पाणी अंगातली ऊब हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने पळवते. आतले कपडे भिजले की आधी बोटे बधिर होतात, मग विचार.

“गेल्या खेपेला डावा पाय भिजला, मामा. वर आलो तेव्हा दात वाजत होते. आईला सांगू नकोस हं.”

आता माझी पंचाईत झाली. कान धरायला आलेला मी, कटात सामील!

मग आम्ही शोधाला बसलो. मनगट ओले असते तर संशय पट्टीवर. मूठ आवळली की शिरा वर येतात आणि त्यांच्या बाजूने पाणी वाट काढते. पाय ओला म्हणजे छिद्र पायालाच, असेही नाही, कारण पाणी आतून ओघळते. म्हणून त्याने बाह्यांत दोन रिकाम्या बाटल्या कोंबल्या, गळ्यात चेंडू बसवला, चेन लावली, दंडावरची हवा सोडायची झडप घट्ट फिरवली आणि छातीवरच्या झडपेतून बेताने हवा भरली. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवतो, तोच न्याय. फक्त इथे बादलीऐवजी स्पंज आणि साबणाचे पाणी.

बराच वेळ काही नाही. शेवटी मांडीच्या आतल्या शिवणीजवळ मला साबणाचे इवलेसे फुगे एकामागून एक येताना दिसले. “सापडलं!” मी असा ओरडलो, की शेजारणीने खिडकी उघडली. सवयीने खिशात खडू चाचपला. पण ओल्यावर खडू कसला उठतो? जागा पुसून मेणाच्या पेन्सिलीने वर्तुळ काढले.

पुढचे काम धीराचे. सूट धुऊन, उलटा करून, पुरता वाळवायचा. छिद्राभोवती स्पिरिटने पुसायचे, बाहेरून चिकटपट्टी लावायची आणि आतून खास लवचिक डिंकाचा पातळ थर द्यायचा. मग चोवीस तास हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा हवा, पुन्हा साबण.

“आणि फुगा दिसला तर?”

“तर जायचं रद्द. पैसे बुडाले तरी चालतील.”

त्याला जायचे होते ऑर्कनी बेटांतल्या स्कापा फ्लो येथे. तिथे १९१९ साली २१ जूनला जर्मन आरमाराने आपलीच जहाजे बुडवली. त्यांतली काही अजून तळाशी आहेत. पण मला जहाजांपेक्षा त्याचे ते ‘रद्द’ महत्त्वाचे वाटले. खुळ्या माणसाला हा शब्द येत नाही.

दुसऱ्या दिवशी एकही फुगा आला नाही. संध्याकाळी मी त्याला म्हटले, “एक छिद्र राहिलंय. आईला फोन लाव.” त्याने खाली मान घालून सगळे सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग अक्का म्हणाली, “मामाला दे.”

मी फोन घेतला.

“नीट बुजवलंस ना रे?”

“दोनदा तपासलं, अक्का.”

“मग जाऊ दे त्याला. आणि वर आला की आधी मला फोन करायला सांग.”