ही तर वेठबिगारी!

मार्च २०२० मध्ये कोविडमुळे महाराष्ट्रातल्या शाळांना टाळे लागले आणि पहिली ते चौथीच्या वर्गांचे टाळे निघायला डिसेंबर २०२१ उजाडला. मधल्या काळात शिक्षण मोबाइलवरून घरोघर पोहोचल्याचा डांगोरा सरकारने पिटला. कोणाच्या घरी? बाईंचे ओठ वाचून शिकणाऱ्या कर्णबधिर मुलीपुढे नखाएवढ्या चौकटीत थरथरणारा चेहरा आला. अंध मुलाला धडा म्हणून पानाचा नुसता फोटो आला, जो मोबाइललाही वाचून दाखवता येईना. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाची फिजिओथेरपी तुटली आणि त्याचे आखडत चाललेले हातपाय, काही चुकेल या धास्तीत, व्हिडिओ पाहून आईच सोडवत बसली. आणि घरातला एकुलता स्मार्टफोन बापाबरोबर कामावर गेला की हेही सारे संध्याकाळपर्यंत ठप्प. शिक्षण पोहोचलेच नाही. पोहोचले ते ओझे.

कायदा मात्र निःसंदिग्ध आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले आणि ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला. तरीही मे २०२० मध्ये केंद्राने पीएम ई-विद्या ही डिजिटल शिक्षणाची योजना जाहीर केली, तेव्हा खास पाठ्यसामग्रीच्या घोषणेत अंध आणि कर्णबधिर एवढ्यांचाच उल्लेख! स्वमग्न, गतिमंद, बहुविकलांग मुलांना घोषणेतही जागा मिळाली नाही.

याला विस्मरण म्हणण्याइतके आम्ही भोळे नाही. विशेष शिक्षकाला पगार लागतो, थेरपिस्टला मानधन, खुणांच्या भाषेच्या दुभाष्याला मेहनताना. आईला छदामही लागत नाही. प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, हे ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले, यातच सरकारांची नियत उघडी पडली. ज्यांनी विशेष शिक्षकांना वर्षानुवर्षे कंत्राटावर राबवले, त्यांनीच व्यासपीठांवरून मातेच्या त्यागाचे पोवाडे गायिले, ‘पालकांचा सहभाग’ या गोंडस नावाखाली स्वतःचे वैधानिक कर्तव्य तिच्या पदरात टाकले आणि तिची पाठ वाकलेली दिसताच टाळ्या वाजवल्या. फुकट राबवून घेतात, त्याला वेठबिगारी म्हणतात.

बुडालेल्या धड्यांची आणि थेरपीची मुलागणिक भरपाई झाली पाहिजे. विशेष शिक्षकांची पदे कायमस्वरूपी भरली पाहिजेत. शाळा उघडल्यावर किती दिव्यांग मुले पटावर परतलीच नाहीत, याचा तालुकावार आकडा जाहीर झाला पाहिजे. तोवर सत्काराची शाल घेऊन कोणा मंत्र्याने या माउल्यांच्या दारात पाऊल ठेवू नये.