उणे १९६ अंश, मोटरसायकलवर

राळेगणसिद्धी म्हटलं की पाणलोट, अण्णा हजारे, फार तर उपोषण. पण तिथं पाणी अडलं, चारा वाढला, त्यामागून संकरित गाई आल्या, दूध वाढलं. आणि दुधासोबत पारनेर तालुक्यातल्या गोठ्यांपर्यंत आणखी एक गोष्ट पोचली, जिची चर्चा कुणीच करत नाही : उणे १९६ अंश सेल्सिअस तापमान.

गाय माजावर आली की डॉक्टरांना फोन जातो. ते जे भांडं घेऊन येतात त्यात द्रवरूप नायट्रोजन असतो आणि त्यात बुडवलेल्या रेतमात्रेच्या कांड्या. हे तंत्र गावोगाव नेण्यात मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळी कांचनला उभ्या केलेल्या 'बाएफ'चा मोठा वाटा. अडचण एकच. हा नायट्रोजन भांडं बंद असलं तरी हळूहळू उडून जातो. पातळी खाली गेली की कांड्या निकामी, आणि बाहेरून बघून काही कळत नाही. कळतं ते गाय २१ दिवसांनी पुन्हा माजावर आल्यावर. तेवढं वेत लांबलं, तेवढे दुधाचे पैसे गेले.

म्हणून 'अतिशीत तापमान म्हणजे नोबेलवाल्यांचं काम' असं कुणी म्हटलं की मला हसू येतं.

ही थंडी बनवणाऱ्या छोट्या यंत्राला क्रायोकूलर म्हणतात. तत्त्व जुनंच आहे. रॉबर्ट स्टर्लिंगने १८१६ मध्ये इंजिनाचं पेटंट घेतलं, तेच चक्र उलटं चालवलं की थंडी मिळते. बंद नळ्यांत हेलियम दाबायचा, त्याची उष्णता बाहेर काढायची, मग तो प्रसरण पावू द्यायचा. मधे बारीक जाळ्यांच्या चकत्या रचलेली नळी असते, रिजनरेटर. वायू जाताना तिच्याकडे उष्णता ठेवतो, येताना परत घेतो. सगळी करामत त्या जाळ्यांत आहे. हेलियमच का? कारण ४.२ केल्विनपर्यंत, म्हणजे उणे २६९ अंशांपर्यंत, तो वायूच राहतो. बाकीचे वायू त्याआधीच हार मानतात.

एमआरआयच्या चुंबकातला हेलियम उडू नये म्हणून हेच यंत्र लागतं. जेम्स वेब दुर्बिणीतलं एक उपकरण ७ केल्विनच्या खाली ठेवायलाही हेच. ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्याची डीआरडीओची तरुण शास्त्रज्ञांची प्रयोगशाळा आणि मुंबईची टीआयएफआर यांनी ६ क्युबिटच्या प्रोसेसरची चाचणी पूर्ण केली. असल्या चिपला शून्य केल्विनच्या अगदी जवळची थंडी लागते. आपण कॉलेजात क्वांटमवर सेमिनार घेतो ते सगळे अल्गोरिदमचे. चिप ज्या फ्रिजमध्ये ठेवायची तो बहुतेक वेळा परदेशातून येतो, हे कुणी सांगत नाही.

आणि हा फ्रिज म्हणजे शुद्ध मेकॅनिकल. पिस्टन, सिलिंडर, वेल्डिंग, व्हॅक्यूम. तेल चालत नाही, कारण ते थंड टोकाला गोठतं. सिलिंडरमधली फट केसाहून बारीक हवी. हेलियम कुठूनही निसटतो. काम चिवट आहे, पण 'कोअर'ला स्कोप नाही म्हणत सगळेच कॉम्प्युटरच्या रांगेत उभे असताना इथं रांगच नाही.

पवईला आयआयटीत प्रा. मिलिंद अत्रे आणि त्यांचे विद्यार्थी वर्षानुवर्षं स्टर्लिंग आणि पल्स ट्यूब कूलरवर काम करत आलेत. त्यांची क्रायोजेनिक इंजिनिअरिंगची व्याख्यानं एनपीटीईएलवर फुकट आहेत. यंत्र हातात असण्याचा अर्थ एप्रिल २०२१ मध्ये दिसला. ऑक्सिजनची मारामार चालू असताना तिथं नायट्रोजनच्या प्लांटमधली कार्बनची चाळणी काढून झिओलाइटची घातली, आणि ९३ ते ९६ टक्के शुद्ध ऑक्सिजन मिळू लागला.

राळेगणच्या शेजारी सुप्याच्या एमआयडीसीत एसी-फ्रिजच्या धंद्यातले कारखाने आहेत. एसीपासून क्रायोकूलरपर्यंतची उडी मोठी आहे, मान्य. पण फायनल इयरला तयार प्रोजेक्ट विकत आणण्यापेक्षा ती मारून बघावी. ४ केल्विन राहू दे, ७७ केल्विनपासून सुरू करा : हवेतूनच दिवसाला काही लिटर द्रव नायट्रोजन देणारं यंत्र. परदेशात अशी मिळतात. आपलं मात्र तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात मावलं पाहिजे, धूळ आणि जाणारी-येणारी लाइट सोसली पाहिजे, आणि बिघडलं तर सुप्यातच दुरुस्त झालं पाहिजे.