मिरगाआधी कुंपणाकडे बघा

वीतभर बांधासाठी कोकणात भाऊबंद तीन-तीन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. मोजणी येते, हद्दीचे दगड पुरले जातात आणि रातोरात ते सरकतातही. ‘त्यानं माझी मेर कोरली’ ही तक्रार ऐकली नाही असा तलाठी शोधून सापडायचा नाही. पाऊस मात्र दोघांचीही मेर कोरून सगळी माती खालच्या व्हाळात नेऊन टाकतो, त्याबद्दल कुणी ब्र काढत नाही. तुमच्या परसातल्या कुंपणाखालून दर पावसाळ्यात जी माती जाते, तिच्याविषयी हे आवाहन आहे.

आत्ता, मे महिन्यात, घराच्या मागे जाऊन कुंपणाच्या कडेनं एक फेरी मारा. सिमेंटचे खांब असतील तर त्यांच्या बुडाशी बसून नीट बघा. खांबावर एक पुसट तांबडी रेघ दिसेल. पूर्वी माती तिथपर्यंत होती. रेघेखाली उघडा पडलेला काँक्रीटचा गोळा आणि त्याच्याही खाली बोटभर पोकळी. शेजारच्या माडाची मुळं जटांसारखी बाहेर लोंबताहेत. तारेची खालची ओळ जमिनीला टेकायची, आता तिच्याखालून कोंबडी जाते. पुढच्या वर्षी कुत्रं जाईल आणि त्याच्या पुढच्या वर्षी रानडुक्कर. मग कुंपण कशाला घातलं होतं?

रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत पडतो. एका दिवसात शंभर मिलिमीटर झाला तर त्याची बातमीही होत नाही. अशा दिवशी शंभर चौरस मीटरच्या छपरावरून 10 हजार लिटर पाणी खाली येतं, म्हणजे एक टँकर. पूर्वी ते कौलांच्या पागोळ्यांतून घराभोवती पसरून पडायचं. आता पत्रा आला, पन्हळ आली, पन्हळीला एक पाइप आला आणि पाइपाचं तोंड आपण निमूटपणे कुंपणाकडे वळवलं. अंगणाला पेव्हर ब्लॉक घातले, त्यामुळे अंगणातलंही पाणी मुरायचं थांबलं. परसाचा उतार कुंपणाकडेच असतो. सगळा लोंढा तिथे येतो आणि तिथली जमीन उघडी असते, कारण ‘साफसफाई’ म्हणून आपणच तिथे तणनाशक मारलेलं असतं. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. त्याला अडवायला तिथे गवताची काडीही उरलेली नसते.

गेली तर गेली थोडी माती, असं म्हणणाऱ्यांसाठी एक हिशोब. एका गुंठ्यावरून फक्त एक मिलिमीटरचा थर गेला तरी ती सव्वाशे किलोच्या वर माती होते, सिमेंटच्या अडीच पोत्यांएवढी. आणि जाते ती वरची, कुळीथ आणि पडवळ पोसणारी. खाली उरतो मुरूम आणि त्याच्या खाली कातळ. कोकणात मातीचा थर मुळातच पातळ आहे, आणि बोटभर माती नव्यानं तयार व्हायला शेकडो वर्षं लागतात.

यावर हल्ली एकच उपाय सगळ्यांना सुचतो, चिऱ्याचं पक्कं कंपाउंड. मुंबईहून पैसे येतात, गवंडी येतो, सिमेंटात चिरा बसतो, वर प्लास्टर आणि गुलाबी रंग. पाणी जायला मात्र भिंतीत एक भोक नसतं. जुलैत मागची माती पाणी पिऊन फुगते, भिंत पोट काढते आणि एखाद्या रात्री आडवी होते. पडली नाही तरी पाणी तिच्या कडेकडेनं धावत टोकाला घळ पाडतं आणि ती घळ शेजाऱ्याच्या आगरात उघडते. म्हणजे पुन्हा कोर्ट! ज्यांनी भिंत बांधलीच आहे, त्यांनी निदान बुडाशी दर दीड-दोन मीटरवर पाइपाचे तुकडे घालून वाट काढावी आणि आतल्या बाजूनं खडी भरावी.

आपल्या आज्यापणज्यांचा गडगा यापेक्षा शहाणा होता. मातीशिवाय, सिमेंटाशिवाय नुसता दगडावर दगड. फटींतून पाणी जायचं आणि माती मागे राहायची. आज गावोगाव हे गडगे ढासळताहेत, त्यांचे दगड ट्रॉलीत भरून पायाच्या भरावाला जाताहेत, आणि गडगा घालणारे हात म्हातारे होत चालले आहेत. त्यांच्यापैकी कुणी तुमच्या वाडीत असेल तर या मे महिन्यात त्यांना मजुरी द्या, चहा द्या आणि पोरांना त्यांच्या हाताखाली उभं करा. फूटभर खोल चर, त्यात सर्वांत मोठे दगड. वरचा प्रत्येक दगड खालच्या सांध्यावर. मधूनमधून एक लांब दगड आडवा, आरपार. भिंत किंचित चढाच्या बाजूला कललेली. हे वाचून येत नाही, बघून येतं. कमरेएवढ्या उंचीपर्यंत हे घरी जमतं. त्यापेक्षा उंच भराव धरायचा असेल तर इंजिनिअरला विचारा.

गडगा झेपत नसेल तर वई घाला. मोगली एरंड, निगडी, अडुळसा, गिरिपुष्प यांच्या फांद्या पावसाच्या तोंडावर जवळजवळ खोचल्या की धरतात. तारेचा खांब माती धरत नाही, फांदीला फुटलेलं मूळ धरतं. वईच्या बुडाशी, चढाच्या अंगाला, वाळा लावा. हो, माठात टाकतात तोच. त्याची मुळं आडवी न पसरता सरळ खाली जातात, तीन मीटरपर्यंतही, त्यामुळे ती माडाच्या किंवा भाजीच्या वाट्याला जात नाहीत. कर्नाटकात म्हैसूरकडच्या गुंडलुपेटचे शेतकरी शंभराहून जास्त वर्षं शेताच्या हद्दीवर वाळाच लावत आले. जागतिक बँकेनं 1980च्या दशकात मृदसंधारणासाठी वाळ्याचा पुरस्कार केला, तेव्हा ही उदाहरणं भारतातच उभी होती. दहा-पंधरा सेंटिमीटरवर एकेक ठोंब, उताराला आडवी सलग ओळ, मध्ये फट नको. दोन पावसांत तिच्यामागे गाळ अडून आपोआप पायरी तयार होते. फक्त वासाच्या मोहानं मुळं खणू नका. अत्तर हवं असेल तर दुसरीकडे वेगळं बेट लावा.

पातेरा जाळणं तर आजपासून बंद करा. उघड्या मातीवर टपोरा थेंब सेकंदाला आठ-नऊ मीटरच्या वेगानं आदळतो. पातेऱ्यावर, सोडणांवर, झावळांवर तो आदळला की त्याचा जोर तिथेच संपतो. पन्हळीचा पाइप पिंपात किंवा शोषखड्ड्यात सोडा. कुंपणाच्या वरच्या अंगाला उथळ, सपाटीत चर काढा, उताराच्या दिशेनं नव्हे. पाण्यानं तिथे थांबावं, पळू नये.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. घरामागे उभा डोंगर असेल, जमिनीला भेगा पडल्या असतील, झाडं कलली असतील, तर हे उपाय तुमच्यासाठी नाहीत. 22 जुलै 2021ला महाड तालुक्यातल्या तळीयेवर दरड कोसळली. तिथे वाळा आणि गडगा पुरत नाहीत. ग्रामपंचायतीला आणि तहसीलदारांना लेखी कळवा, आणि पाऊस चढला की घर सोडा.

बाकी सर्वांसाठी काम साधं आहे, फक्त एकट्यानं करायचं नाही. 1972च्या दुष्काळात बांधबंदिस्तीची मोठी कामं झाली ती शेतांवर. परसातल्या कुंपणासाठी कुठलीही योजना येणार नाही, आणि पाण्याला हद्द कळत नाही. तुम्ही अडवलेलं पाणी वरच्याचं असतं आणि सोडलेलं खालच्याचं होतं. तेव्हा मोजणीचा नकाशा कपाटात ठेवा आणि शेजाऱ्याला हाक मारून दोघं मिळून कुंपणावरून चाला. बोलणं बंद असेल तर हे निमित्त चांगलं आहे. चाकरमानी मंडळींनो, आंबे-काजूच्या दिवसांत गावी आलाच आहात, तर दोन सकाळी गडग्याला द्या. प्रत्येक खांबावर आजच्या मातीच्या पातळीला ऑइलपेंटची रेघ मारा आणि दसऱ्याला ती पुन्हा बघा, किती गेली ते कळेल. आणि ज्यांच्याकडे वाळ्याचं बेट आहे, त्यांनी मिरग लागायच्या आत वाडीतल्या प्रत्येक घरी निदान दहा ठोंब पोहोचवावेत. फुकट, कुणी मागायची वाट न बघता.